सीझन फुल्ल, मग पैसा गेला कुठं?

गेल्या वर्षी पाऊस फार लवकर आला. २६ मेलाच मान्सून मुंबईत पोचला आणि कोकण किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांचा सीझनचा शेवटचा आठवडा वाहून गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गुहागरच्या बाजूला एका लॉजवर उतरलो होतो. २० खोल्या, त्यांतल्या १९ रिकाम्या. मालक साठीच्या आसपासचे. रिसेप्शनच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची चोपडी उघडून बसलेले. माझ्यापुढे चहाचा कप सरकवत म्हणाले, "शेवटचा आठवडा बुडाला, ते सोडा हो. पावसाला काय बोलणार? पण त्याआधी पाच आठवडे एक खोली रिकामी नव्हती. लोकांना हात जोडून परत पाठवलं. सीझन फुल्ल गेला, मग पैसा गेला कुठं?"

हा प्रश्न त्या एका माणसाचा नाही. महाबळेश्वरपासून तारकर्लीपर्यंत आणि शिर्डीपासून चिखलदऱ्यापर्यंत मी तो अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आज तो अग्रलेखात आणण्याला एक निमित्त आहे. न्यूयॉर्क शहरातल्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं १९२६ साली हॉटेलांसाठी हिशेबाची एकसारखी पद्धत ठरवली आणि ती पुस्तकरूपानं छापली. यंदा त्या पुस्तकाला १०० वर्षं होताहेत. त्याची सुधारलेली बारावी आवृत्ती याच वर्षीच्या १ जानेवारीपासून लागू झाली. जगभरातली मोठी हॉटेलं आजही याच पद्धतीनं हिशेब मांडतात. हिशेबाच्या पुस्तकाची शंभरी साजरी करायला कुणी ढोल-ताशे आणणार नाही, पण आपल्या राज्यातल्या लहान हॉटेलवाल्यांच्या घरी ते पुस्तक पोचलं नाही याची मला मनापासून खंत वाटते.

त्या पुस्तकातली गोष्ट तशी साधी आहे. जे खातं कमावतं ते वेगळं उभं करायचं. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर आणि बार वेगळे, हॉल वेगळा. प्रत्येकाच्या मिळकतीसमोर त्याचाच खर्च मांडायचा. खोल्यांसमोर धुलाई, साबण, रूमबॉयचा पगार आणि बुकिंगचं कमिशन; स्वयंपाकघरासमोर किराणा, मासळी, सिलिंडर आणि आचारी. मग जे खर्च कुणा एकाचे नाहीत ते खाली घ्यायचे: ऑफिस, जाहिरात, दुरुस्ती, वीज, पाणी. इथं एक ठळक रेघ मारायची. रेघेच्या वरचं सगळं मॅनेजरनं सांभाळायचं, त्याचा जाब त्याला विचारायचा. रेघेखाली घरपट्टी, विमा, जागेचं भाडं, कर्जाचं व्याज. हा मालकाचा प्रांत. कोणत्या रुपयाला कोण जबाबदार, हे त्या रेघेनं ठरतं.

गुहागरच्या त्या चोपडीत रेघ होती ती एकच, मधोमध. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चाच्या बाजूला सुरमई, डिझेल, नवा गिझर, धाकट्या मुलीची कॉलेजची फी, बँकेचा हप्ता, गवत काढायची मजुरी, सगळं एकाखाली एक. आम्ही दोघांनी एका संध्याकाळी वहीच्या कोऱ्या पानांवर ते वेगवेगळं मांडायला घेतलं. तासाभरात पहिली गोष्ट वर आली. जेवणाचं खातं अंगावर येत होतं. जेवणासकटच्या पॅकेजचा दर त्यांनी डिसेंबरात ठरवला होता आणि सुरमई घेतली होती मे महिन्याच्या भावानं, जेव्हा मासळीबाजारात सगळ्या किनाऱ्याची हॉटेलं एकाच टोपलीवर तुटून पडतात. खोल्यांनी कमावलेलं ताटातून जात होतं. त्यांना हे इतकी वर्षं कळलं नाही, कारण दोन्ही पैसे एकाच गल्ल्यात पडत होते.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. मे महिन्याच्या पानापानांवर 'सूट ३००', 'सूट ५००' अशा नोंदी. मी विचारलं, भर सीझनमध्ये सूट कशाला? ते म्हणाले, "लोक चिडतात ना. बाराला चेक-इन लिहिलंय आणि खोली मिळते तीनला." खोली तीनला का मिळते? कारण चादरी वाळत नाहीत. चादरी का वाळत नाहीत? आम्ही उठून कपाट उघडलं. हॉटेलच्या धंद्यात चादरी-अभ्र्यांचे खोलीमागे तीन जोड असावे लागतात: एक पलंगावर, एक धुवायला, एक कपाटात. २० खोल्यांना ६० जोड. कपाटात, दोरीवर आणि पलंगांवर मिळून मोजले तर ३४ भरले. त्यातल्या काहींच्या कडा विरलेल्या. म्हणजे २६ जोड चादरी घेतल्या नाहीत म्हणून पाहुण्यांना तीन तास ओसरीवर बसवायचं, त्यांची बोलणी खायची आणि वर बिलातून पैसे सोडायचे. त्या गृहस्थांनी कपाटाच्या दारावर हात ठेवला आणि काही वेळ ते बोललेच नाहीत.

खोल्या भरणं आणि पैसा मिळणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. समजा, २० खोल्यांचं हॉटेल आहे. वर्षाच्या ३६५ रात्री धरल्या तर विकायला ७,३०० रात्री. त्यांतल्या निम्म्या, ३,६५०, सरासरी २,५०० रुपयांना गेल्या. जमा ९१ लाख २५ हजार. आता शेजाऱ्यानं दर पाडले म्हणून आपणही २,००० केले आणि खोल्या ५० ऐवजी ६० टक्के भरल्या. ४,३८० रात्री, जमा ८७ लाख ६० हजार. माणसं जास्त आली, पैसे ३ लाख ६५ हजारांनी कमी आले. आणि एवढ्यावर थांबत नाही. जास्तीच्या ७३० रात्री कुणीतरी झाडल्या, पुसल्या, धुतल्या, त्या रात्री एसी चालला, गिझर चालला. खोलीमागे ४०० रुपये धरले तरी आणखी २ लाख ९२ हजार गेले. बाहेरून बघणारा म्हणेल, काय हॉटेल चाललंय! मालकाच्या हातचे साडेसहा लाख गेलेले असतात.

याचा अर्थ दर कधी उतरवूच नयेत असा मुळीच नाही. हापूसची पेटी चार दिवस थांबते, पण आजच्या रात्रीची खोली उद्या विकता येत नाही. सकाळ झाली की तो माल संपला. म्हणून जुलैतल्या मंगळवारी दर उतरवणं शहाणपणाचं, आणि मे महिन्यातल्या शनिवारी तोच दर ठेवणं नुकसानीचं. वर्षभर एकच दरपत्रक भिंतीवर टांगणारं हॉटेल दोन्ही वेळा मार खातं. मोठी हॉटेलं म्हणूनच किती खोल्या भरल्या हे एकटं बघत नाहीत. सगळ्या खोल्या, रिकाम्यासकट, हिशेबात धरून दर खोलीमागे किती आलं ते बघतात. वरच्या उदाहरणात ते आधी १,२५० होतं, नंतर १,२०० झालं. त्याच्याही पुढे जाऊन, खर्च वजा करून खोलीमागे काय उरलं ते बघतात. हा शेवटचा आकडा आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतो.

त्यात मधले वाटेकरी आले. मोबाइलवरच्या बुकिंग कंपन्या साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. त्या नवं गिऱ्हाईक आणतात, तेव्हा ते कमिशन पटतं. पण दरवर्षी येणारं पुण्याचं कुटुंब, ज्यांच्या मुलांची नावं मालकाला पाठ आहेत, तेही त्याच वाटेनं यायला लागलं तर तो दोष मालकाचा आहे. त्याच्याकडे त्यांचा फोन नंबर असतो. जानेवारीत एक फोन करायला काय जातं?

भरीला गेल्या सप्टेंबरचा बदल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाहुण्याला ते स्वस्त पडलं, चांगलं झालं. पण या ५ टक्क्यांबरोबर आधी भरलेल्या कराची वजावट गेली. कमिशनवरचा, बाहेरच्या लॉन्ड्रीवरचा, एसीच्या दुरुस्तीवरचा कर पूर्वी वळता करून घेता यायचा. आता तो खर्चात जमा. ज्या हॉटेलाचे असे खर्च मोठे, त्याला नव्या दरात जुनाच नफा राहणार नाही. हे गणित प्रत्येकानं आपापल्या आकड्यांनी करून पाहायला हवं होतं. मी ज्यांना विचारलं त्यांतले बहुतेक म्हणाले, कर कमी झाला ना, मग बरंच झालं.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. धंद्याचा हिशेब एक आणि वास्तूचा हिशेब दुसरा. हॉटेल म्हणजे दोन गोष्टी एकत्र: रोज चालणारा धंदा आणि रोज झिजणारी मालमत्ता. समुद्रकाठी तर ती डोळ्यांदेखत झिजते. त्या लॉजच्या मागच्या भिंतीवर एसीचे बाहेरचे डबे लावले होते. खारी हवा खाऊन त्यांच्या जाळ्या हातानं तुटत होत्या. खिडक्यांच्या बिजागऱ्यांना गंज, गिझरमध्ये बोरिंगच्या पाण्याचा थर, गाद्या मधे बसलेल्या. मी ज्या गादीवर झोपलो ती किती जुनी, असं विचारलं तर म्हणाले, "थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली." थोरल्याचा मुलगा आता चौथीत आहे. या दहा-बारा वर्षांत दर दिवाळीला त्यांनी जे 'उरलं' म्हणून घरी नेलं, त्यातला एक हिस्सा उरलेला नव्हताच. तो गादीचा होता, एसीचा होता, छपराचा होता. नफा समजून आपण वास्तू खात असतो.

मोठ्या हॉटेलांच्या करारांत यासाठी एक अट असते. एकूण मिळकतीचा ठरावीक भाग, साधारण ४ टक्क्यांच्या आसपास, फर्निचर आणि यंत्रसामग्री बदलण्यासाठी वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला दुसऱ्या कारणासाठी हात लावायचा नाही. ९० लाखांच्या मिळकतीवर ते वर्षाला ३ लाख ६० हजार होतात. दरवर्षी पाच खोल्या नव्या करायला एवढे पैसे लहान लॉजला बहुधा पुरतात. चार वर्षांत सगळं हॉटेल पालटतं, आणि पालटलेल्या खोलीला दरही मिळतो. कर्ज काढून एकदम सगळं करायला गेलं की व्याजाखाली माणूस दबतो.

मालमत्तेकडे असं बघणाऱ्या माणसाला हॉटेलच्या जगात अ‍ॅसेट मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे 'कारभारी' हा शब्द आहे, तो मला जास्त जवळचा वाटतो. मालकाच्या वतीनं वास्तूचं आणि पैशाचं दोन्हीचं भलं बघणारा. हा माणूस वेगळा लागतो, कारण हॉटेल चालवणारा आणि त्याचा मालक यांचं हित दरवेळी एक नसतं. १९९३ साली अमेरिकेतल्या मॅरियट कंपनीनं स्वतःचे दोन भाग केले: एका कंपनीकडे इमारती, दुसरीकडे हॉटेलं चालवण्याचं काम. आज जगातल्या बहुतेक मोठ्या नावांच्या पाट्या ज्या इमारतींवर आहेत, त्या इमारती दुसऱ्याच कुणाच्या असतात. चालवणाऱ्या कंपनीची मूळ फी एकूण विक्रीवर ठरते. विक्री वाढली की तिची फी वाढते, मग खाली मालकाला काही उरो न उरो. म्हणूनच कारभाऱ्यानं दर महिन्याला समोर बसून विचारायचं असतं, हा खर्च का, हा दर का, ही लिफ्ट तिसऱ्यांदा का बिघडली.

कारभारी नसेल तर काय होतं, याची आठवण मुंबईला असायला हवी. विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल एअर इंडियाच्या उपकंपनीचं, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशाचं. २००२ साली ते ८३ कोटींना विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं काही महिन्यांतच ते ११५ कोटींना पुढे विकलं. त्यावर वादंग झाला, चौकशा झाल्या. त्यात कुणाचा दोष किती, हा भाग निराळा. माझ्या मनात राहिली ती एक गोष्ट: विकणाऱ्याच्या हाताशी आपल्या वास्तूची खरी किंमत सांगणारा, मालकासारखा जीव असलेला माणूस नव्हता. याच्या उलट बाजूला लीला. कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांनी मुंबईपासून सुरुवात करून उभी केलेली ही हॉटेलं पाहुणचारासाठी नावाजलेली. तिथल्या सेवेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण कर्जाचा डोंगर इतका झाला की २०१९ मध्ये बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची हॉटेलं, आग्र्याची जागा आणि नाव मिळून ३,९५० कोटींना ब्रुकफिल्डला द्यावं लागलं. रेघेवरचं सगळं उत्तम होतं. रेघेखालच्या व्याजानं घर नेलं.

आणि ताज. १६ डिसेंबर १९०३ ला उघडलेली ती इमारत सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्या आराखड्यातून उभी राहिली, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ती पुरी केली. पहिल्या महायुद्धात तिथं रुग्णालय झालं, १९७०च्या दशकात शेजारी टॉवर आला, २००८च्या हल्ल्यात होरपळलेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला. सव्वाशे वर्षांच्या घरात गेलं की लोक घुमट बघतात, जिना बघतात. मला तिथं गेल्यावर आठवतात ते दर पिढीत परत त्याच भिंतींत घातलेले पैसे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. 'नफा वाढवा' म्हटलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड माणसांवर पडते. दोन रूमबॉय काढा, आचाऱ्याचा भाचा पगाराशिवाय राबवून घ्या, भांडी घासणाऱ्या बाईंना सीझन संपला की घरी पाठवा आणि पुढच्या एप्रिलला नव्या शोधा. हे मला मान्य नाही, आणि यात पैसा वाचतो हेही खोटं आहे. नवा मुलगा शिकेपर्यंत महिना जातो. तोवर तो उशा ओल्या ठेवतो, नळ चालू ठेवतो, पाहुण्याला उलट उत्तर देतो. ज्या रूमबॉयला माहीत असतं की सात नंबरच्या खोलीचा फ्लश दोनदा ओढावा लागतो, तोच तुम्हाला तो दुरुस्त करायची आठवण करतो. तो गेला की टाकीतलं पाणी रात्रभर वाहतं. माणसं धरून ठेवणं हीसुद्धा मालमत्तेची निगा आहे.

बचत जिथं खरी आहे ती जागा भिंतींत, पाइपांत आणि मीटरमध्ये आहे. अमेरिकेत एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ साली बफेलो शहरात प्रत्येक खोलीला न्हाणीघर असलेलं हॉटेल बांधलं तेव्हा शेजारशेजारच्या खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून ठेवली. एकाच उभ्या मार्गातून दोघांचे नळ गेले. खर्च कमी झाला म्हणून प्रत्येकाला न्हाणीघर देता आलं. आपल्या इथे विठ्ठल कामत यांनी १९९७ मध्ये मुंबईच्या देशांतर्गत विमानतळाजवळ 'ऑर्किड' काढलं, तेव्हा वीज-पाण्याची बचत हाच त्या हॉटेलचा पाया केला. पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळवणारं पंचतारांकित हॉटेल आपल्या मुंबईत उभं राहिलं याचा मला अभिमान आहे. त्या शंभर वर्षांच्या पुस्तकाच्या यंदा लागू झालेल्या आवृत्तीतही वीज, पाणी आणि कचरा यांचा हिशेब मांडायला स्वतंत्र तक्ता दिला आहे. १९९७ ला आपल्याकडे जो पाया केला, त्याला आता पुस्तकातही जागा आहे.

राज्य सरकारनंही १ एप्रिल २०२१ पासून आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचे दर लागू केले: वीज, पाणी, मालमत्ता कर यांत सवलत. मात्र त्यासाठी पर्यटन विभागाकडे नोंदणी करून पात्र व्हावं लागतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या हॉटेल संघटनांनी गणपतीत मंडप घालण्याबरोबर आपल्या सभासदांचे हे अर्ज भरून घेण्याचा एक दिवस ठेवला तर त्याचं मोल फार मोठं होईल. आणि त्याच दिवशी कुणी सनदी लेखापाल बसवून ती एक ठळक रेघ कशी मारायची, हे सभासदांना मराठीत समजावून सांगावं.

गुहागरच्या त्या मालकांचा परवा फोन आला होता. पावसाळ्यात पाच खोल्या बंद ठेवून त्यांनी गाद्या बदलल्या, बिजागऱ्या पितळेच्या बसवल्या. चादरींचे जोड ६० पुरे झाले. जेवण आता पॅकेजमध्ये नाही, थाळीचा दर रोज सकाळी फळ्यावर लिहितात. थोरल्या सुनेनं हिशेबाची सूत्रं हातात घेतली आहेत. खोल्यांची वही वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, घरखर्च तिसऱ्या वहीत. दिवाळीच्या सुट्टीत खोल्या सगळ्या भरल्या नाहीत, दोन-तीन रोज रिकाम्या राहायच्या, कारण दर उतरवले नव्हते. "पण वहिनीनं आकडा दाखवला," ते म्हणाले. सुनेला ते मुलांच्या तोंडचं वहिनीच म्हणतात. "गेल्या दिवाळीपेक्षा जास्त राहिलेत."

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मे महिन्यात टँकर घ्यावा लागतो, तर एका खोलीला दिवसाला पाणी किती लागतं? मी म्हटलं, तुमच्या खोलीला किती लागतं ते तुम्हीच मोजा. टाकीवरून खाली येणाऱ्या पाइपावर त्यांनी मीटर बसवून घेतला आहे. सून रोज सकाळी सातला आकडा टिपते.